आरशाच्या कॅमेऱ्याची स्वस्ताई

ज्या कॅमेऱ्यात चित्र घेणारी आणि चित्र घेणाऱ्याला दृश्य दाखवणारी लेन्स एकच असते, आणि तिच्यामागे पंचेचाळीस अंशांत कललेला आरसा ते दृश्य वर वळवून डोळ्यापर्यंत पोहोचवतो, त्या कॅमेऱ्याचे पेटंट थॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६१ साली घेतले. परंतु सामान्य प्राप्तीच्या माणसाने तो दुकानातून विकत घेऊन घरी आणावा अशी स्थिती यायला एक शतक उलटावे लागले, आणि फिल्मचा जमाना सरून त्याचा डिजिटल अवतार प्रकट झाला तेव्हा किमतीची ती सगळी चढण पुन्हा पायथ्यापासून चढावी लागली. या दोन्ही चढणींचा वृत्तान्त नवनव्या शोधांचा आणि वाढत्या सामर्थ्याचा म्हणून सांगण्याची वहिवाट आहे. माझ्या मते स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास हा मुख्यतः वजाबाकीचा इतिहास होय. कारखानदाराने काय काढून घेतले, कोणत्या जागेचे काढून घेतले आणि गिऱ्हाइकाला ते किती उशिरा उमगले, एवढे पाहिले की त्याची बहुतेक प्रकरणे उलगडतात.

आपल्याकडे छायाचित्रणाचा छंद आला तो श्रीमंती घेऊनच आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग निघाला, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान गृहस्थ या नव्या कलेत गढून गेले. ओल्या कलोडियनची काच जागच्या जागी तयार करायची, ती वाळण्यापूर्वी कॅमेऱ्यात घालायची आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत धुवायची, या साऱ्या खटाटोपाला रसायने, हमाल आणि मुख्य म्हणजे फावला वेळ एवढा लागे, की कॅमेऱ्याची किंमत ही त्या खर्चवेचातली एक बाब तेवढी असे.

ही मक्तेदारी मोडली ती एका खोक्याने. जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने १९०० साली ब्राउनी नावाचा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला, आणि छायाचित्रण शाळकरी पोरांच्या हाती गेले. त्याच कुळातला, बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत येऊन पोहोचला. १२० क्रमांकाच्या रिळावर बारा चौकोनी चित्रे देणारा हा कॅमेरा मुंजीत, स्नेहसंमेलनात आणि सिंहगडाच्या सहलीत दिसे, व ऊन की ढग एवढे ठरवून खटका दाबला की घेणाऱ्याचे कर्तव्य संपे. पण या कॅमेऱ्यांत आरसा नव्हता आणि त्यांची लेन्सही बदलता येत नसे. स्वस्त कॅमेरा आणि आरशाचा कॅमेरा या तोवर दोन निरनिराळ्या जातीच होत्या, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारा आरशाचा कॅमेरा १९३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी इहागे कंपनीने किने एक्झाक्टा या नावाने बाजारात आणला. त्याच शहरात १९४९ साली निघालेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याच्या माथ्यावर पंचकोनी लोलक बसला, आणि उलटसुलट दिसणारे दृश्य डोळ्यापुढे सरळ उभे राहिले. पुढची मजल जपानची. असाही कंपनीने १९५४ साली चित्र घेताच आपोआप खाली येणारा आरसा बसवला, त्यामुळे खटका दाबल्यावर डोळ्यापुढे येणारा दीर्घ अंधार टळला. त्याच कंपनीचा पेंटॅक्स १९५७ साली आला, आणि निकॉन कंपनीचा एफ १९५९ साली. या कॅमेऱ्यांच्या गुणावगुणांत न शिरता एकच गोष्ट इथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते, ती म्हणजे बॉडी आणि लेन्स यांचा सांधा, ज्याला या धंद्यात माउंट म्हणतात. पेशवाईतल्या गावात कुळांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चाले, उपरी मात्र मुदतीपुरता येई आणि वायद्याप्रमाणे सारा भरून पुढे दुसऱ्या गावी निघून जाई. छायाचित्रणाच्या सामानात लेन्स ही मिरासदार, माउंट ही तिची सनद, आणि बॉडी, मग ती कितीही दिमाखाची असो, उपरीच. काँटॅक्सने रूढ केलेला ४२ मिलिमीटरचा आट्यांचा सांधा पेंटॅक्सने उचलला, रशियाच्या झेनिटनेही उचलला, आणि त्यामुळे झेनिटच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यातली हेलिऑस लेन्स जपानी बॉडीवर निमूटपणे नांदू लागली. निकॉनचा १९५९ सालचा एफ माउंट तर पुढे साठ वर्षे चालू राहिला.

आरशाच्या कॅमेऱ्याला गरिबी झेपू लागली ती १९७६ साली. त्या साली पेंटॅक्सने आपल्या केएम या कॅमेऱ्यातले स्वयंचलित खटक्याचे घड्याळ काढून टाकले, चित्र घेण्यापूर्वी लेन्सच्या छिद्राचा परिणाम पाहण्याची कळ काढून टाकली, आणि जे उरले त्याला के १००० असे नाव दिले. हा कॅमेरा १९९७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, जवळजवळ जसाच्या तसा निघत राहिला आणि त्याचे तीसएक लाख नग खपले. त्याच्या प्रकाशमापकाला चालू-बंद करण्याचा खटका नाही. लेन्सवर टोपण बसवले की आत अंधार होतो, काटा खाली पडतो आणि बॅटरीचा खर्च थांबतो. टोपण विसरला तर बॅटरी उतरते, पण शटर सगळे यांत्रिक असल्यामुळे बॅटरी उतरली तरी कॅमेरा चालतोच, फक्त उन्हाचा अंदाज आपला आपण बांधावा लागतो. जे काढले ते उघड काढले, आणि जे ठेवले, म्हणजे एका सेकंदापासून हजारांश सेकंदापर्यंतचे शटर, धातूचे अंग आणि के माउंट, त्यात कसलीही खोट ठेवली नाही. स्वस्तपणाच्या इतिहासात एवढी प्रामाणिक काटकसर मला दुसरी आढळलेली नाही. जगभरच्या छायाचित्रणाच्या वर्गांनी नवशिक्यांना हा कॅमेरा घ्यायला सांगितले, त्याचे कारण हेच.

आपल्या देशात मात्र स्वस्त कॅमेरासुद्धा स्वस्त पडत नसे, कारण किंमत कारखान्यात ठरण्याऐवजी जकातीच्या नाक्यावर ठरे. आयातीचे परवाने दुर्मीळ होते. आखातात किंवा विलायतेत नोकरीला असलेल्या भाच्याने सामानातून आणलेला कॅमेरा हाच पुष्कळांचा पहिला कॅमेरा असे, आणि इथून परदेशी जाणारा शहाणा माणूस आपला जुना कॅमेरा कस्टमच्या अधिकाऱ्याला दाखवून त्याचा दाखला खिशात घालूनच विमानात चढे, नाहीतर परतताना स्वतःच्याच मालावर जकात भरण्याचा प्रसंग यायचा. मुंबईच्या कोटातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जी पेठ वसली, तिला या टंचाईनेच बरकत आणली. सामान मिळणे मुश्कील, म्हणून दुरुस्ती करणारे कुशल कारागीर निपजले. नवे घेणे अशक्य, म्हणून जुन्याच्या खरेदीविक्रीला प्रतिष्ठा आली.

दरम्यान सांध्याच्या राज्यात एक मोठा फेरफार घडला. मिनोल्टाने १९८५ साली आपोआप नाभीवर येणारा, म्हणजे ऑटोफोकसचा, आरशाचा कॅमेरा काढला. त्याची मोटर बॉडीत होती आणि ती एका बारीक दांड्याने लेन्सची चक्रे फिरवी. निकॉनने तीच रीत पत्करली आणि आपला माउंट जपला. कॅननने मात्र १९८७ साली आपला जुना एफडी माउंट एका फटक्यात मोडीत काढला, ईएफ नावाचा नवा, रुंद तोंडाचा माउंट घडवला, आणि प्रत्येक लेन्सच्या पोटात तिची स्वतःची मोटर बसवली. ज्यांनी वर्षानुवर्षे एफडी लेन्सा जमवल्या होत्या त्यांची मिरास बुडाली, आणि त्यांनी कंपनीला दिलेल्या शिव्या अगदीच अनाठायी नव्हत्या.

डिजिटल कॅमेऱ्याचे मूळ १९७५ सालचे, कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याच्या टेबलावरचे. त्याचे यंत्र साडेतीन किलोंहून जड होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला तेवीस सेकंद घेई. दुकानात मिळणारा पहिला डिजिटल आरशाचा कॅमेरा कोडॅकनेच १९९१ साली निकॉन एफ ३ च्या बॉडीवर उभारला. त्याची क्षमता १.३ मेगापिक्सेल, साठवणुकीचे खोके खांद्याला वेगळे अडकवायचे, आणि किंमत सुमारे वीस हजार डॉलर. निकॉनने १९९९ साली डी १ काढला तो साडेसहा लाख येनांना. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी तो घेतला. हौशी माणसाने त्याची चित्रे पाहून समाधान मानले.

आणि मग २००३ चा ऑगस्ट उजाडला. कॅननने ईओएस ३००डी हा कॅमेरा नऊशे डॉलरांच्या आत, आणि लेन्ससकट हजाराच्या आत, विकायला ठेवला. त्याचा संवेदक, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारा सेन्सर, ६.३ मेगापिक्सेलचा, आणि तो त्याच वर्षीच्या अधिक महागड्या १०डी कॅमेऱ्यातून जसाच्या तसा घेतलेला. काचेच्या भरीव लोलकाच्या जागी आरशांची पोकळ जुळणी आली, मॅग्नेशियमच्या अंगाच्या जागी चंदेरी प्लॅस्टिक आले, एक फिरते चक्र गेले. इथवरची वजाबाकी के १००० च्या परंपरेला धरूनच होती. पण कॅननने आणखी एक गोष्ट केली. यंत्रात सामर्थ्य असताना आज्ञावलीतून ते झाकून ठेवले. रशियातल्या एका हौशी संगणकतज्ज्ञाने ती आज्ञावली सोडवली तेव्हा आयएसओ ३२०० ची संवेदनक्षमता, फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असे पुष्कळसे दप्तर त्याच बॉडीत कुलूपबंद पडलेले सापडले. भागाचा खर्च वाचवण्यासाठी तो भाग काढणे मी समजू शकतो. बसवलेला भाग केवळ वरच्या वर्गाची अब्रू राखण्यासाठी बंद ठेवणे, ही काटकसर नव्हे. तरीही ३००डी ने बाजाराचे दार उघडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. निकॉनचा डी ७० काही महिन्यांतच, २००४ साली, त्याच किमतीच्या आसपास उतरला, आणि घेणाऱ्याला प्रथमच निवड करण्याची चैन लाभली.

३००डी बरोबर आलेल्या लेन्सकडे त्या काळी फार थोड्यांनी आदराने पाहिले, पण माझ्या दृष्टीने खरी क्रांती तिने केली. या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांचे संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असत. त्यामुळे लेन्सचे क्षेत्र आकुंचन पावे, आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स कॅननवर ऐंशीसारखी, निकॉनवर पंचाहत्तरसारखी वागे. जुन्या लेन्सा घेऊन डिजिटलकडे वळलेल्या माणसाची यात पंचाईत होई, कारण लग्नमंडपात भिंतीला पाठ टेकवली तरी वधूवरांसह सगळे करवले-करवल्या चौकटीत मावत नसत, आणि रुंद दृष्टीच्या लेन्सा तर बॉडीइतक्याच महाग. कॅननने लहान आरशाचा फायदा घेऊन लेन्सचा पाठीमागचा भाग बॉडीत खोलवर शिरेल असा ईएफ-एस नावाचा पोटसांधा काढला, आणि १८ ते ५५ मिलिमीटरची हलकी लेन्स शंभर डॉलरांत दिली. त्यात गोम अशी, की हीच लेन्स पूर्ण चौकटीच्या महागड्या बॉडीवर बसत नाही. ज्याला पुढे वर चढायचे होते त्याला ती मागेच ठेवावी लागे. या १८–५५ चा दुसरा दोष अंधाराचा. ५५ च्या टोकाला तिचे छिद्र एफ ५.६ वर थांबते. त्याच्या तुलनेत एफ १.८ ची साधी पन्नासची लेन्स सुमारे दहापट प्रकाश आत घेते, आणि कॅननची ही लेन्स अमेरिकेत कित्येक वर्षे शंभर डॉलरांच्या आत मिळत होती. तिची रचना पाउल रूडोल्फने १८९६ साली झाइस कंपनीसाठी आखलेल्या प्लॅनार लेन्सच्या घराण्यातली, सहा काचांची. १९९० च्या आवृत्तीत तिचा माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा होता, छिद्राला पाने पाचच होती म्हणून मागचे दिवे पंचकोनी दिसत, आणि नाभीवर येताना ती गिरणीसारखी घरघरे. पण समोरच्या चेहऱ्यावर नजर ठरवून पार्श्वभूमी विरघळवून टाकण्याची कला लक्षावधी माणसे याच कुरूप लेन्सवर शिकली. नवा घेणारा दुकानात बॉडीच्या मेगापिक्सेलांची चौकशी करीत उभा राही तेव्हा त्याला कुणीतरी कानात सांगायला हवे होते, की बॉडी एक पायरी खालची घे आणि वाचलेल्या पैशांत ही लेन्स घे.

निकॉनच्या बाजूला मात्र हा सल्ला २००६ साली एकाएकी निकामी झाला. त्या वर्षाअखेर आलेला डी ४० लेन्ससकट सहाशे डॉलरांचा होता, सुबक होता, मुठीत छान बसे. फक्त कंपनीने त्याच्या बॉडीतली ऑटोफोकसची मोटर काढून टाकली होती. ज्या लेन्सच्या पोटात स्वतःची मोटर नाही ती त्यावर बसे, मोजमाप देई, पण आपोआप नाभीवर येत नसे, आणि निकॉनची त्या काळची स्वस्त पन्नासची लेन्स नेमकी तशीच होती. बॉडीत वाचवलेला खर्च अशा रीतीने लेन्सच्या खाती टाकला गेला, आणि ही तोशीस खरेदीच्या दिवशी दिसत नव्हती. दुसरी लेन्स घ्यायला गेल्यावर ती कळे. मोटर असलेली स्वस्त ३५ मिलिमीटरची लेन्स निकॉनने २००९ साली दिली, आणि पन्नासची २०११ साली. गंमत अशी, की १९५९ च्या काळातल्या ज्या जुन्या लेन्सा निकॉनच्या महाग बॉडीच्या काठावरचे नाजूक बोट मोडतील म्हणून बसवायची मनाई असे, त्या डी ४० वर बिनधोक बसत. कारण मोडण्यासारखे ते बोटच त्यावर ठेवलेले नव्हते.

पुढची बारा वर्षे भरभराटीची आणि फारशी सांगण्यासारखी नाहीत. निकॉनची डी ३००० ही मालिका २००९ पासून डी ३५०० पर्यंत चालली, कॅननची १०००डी पासूनची मालिका तिच्या जोडीने. २०१२ या एका सालात जगातल्या कारखान्यांतून दीड कोटीहून अधिक आरशाचे डिजिटल कॅमेरे रवाना झाले. मग मोबाइल आला, आणि वजाबाकीला तळ राहिला नाही. कॅननने २०१८ साली आपल्याकडे ३०००डी या नावाने जो कॅमेरा विकला, त्याच्या बॉडीवरचा माउंटच प्लॅस्टिकचा आहे, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे दृश्य स्पष्ट करून घेण्याचे जे चिमुकले चाक असते, तेही नाही. चष्मा लावणाऱ्याने तो लावूनच पाहावे, अशी ही सोय. १९७६ साली छिद्राची कळ काढणाऱ्या हातांनीही माउंटला स्पर्श केला नव्हता.

आज नवा, आरशाचा, पहिल्या पायरीचा कॅमेरा निघणे थांबल्यातच जमा आहे. डी ३५०० ला वारस आला नाही, आणि २०१८ पासून दोन्ही मोठ्या घराण्यांचे लक्ष बिनआरशाच्या नव्या माउंटांकडे गेले. त्यामुळे स्वस्ताईचा मुक्काम पुन्हा बोरा बाजारासारख्या पेठांत, जुन्या मालाच्या काउंटरवर येऊन पडला आहे. तिथला जाणता दुकानदार बॉडी हातात घेऊन शटर किती वेळा उघडले याची चौकशी करतो, कारण डी ३१०० पासूनच्या निकॉन बॉडींचे शटर एक लाख उघडझापींच्या कसोटीचे, हे त्याला पाठ असते. पण लेन्स हाती आली की तो दोन्ही टोपणे काढतो, छिद्र पूर्ण उघडतो, मागून मोबाइलचा दिवा तिरपा धरतो आणि पुढच्या काचेतून आत बघत लेन्स सावकाश फिरवतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या तंतूंची नक्षी दिसली, की ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात चार महिने पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते, काचेवरचा लेप कुरतडते, आणि एकदा लेपात उतरली की काच उघडून पुसली तरी डाग राहतो. देशावरून, कोरड्या हवेतून आलेल्या लेन्सला म्हणूनच दोन पैसे अधिक मिळतात, आणि कोकणातला सावध माणूस आपली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो.

हा जुना माल घेताना आता आणखी एक हिशेब करावा लागतो: उद्या बिनआरशाची बॉडी घेतली तर ही लेन्स तिच्यावर चालेल काय? दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी जोडकडी काढली आहे, आणि इथे इतिहासाने मोठी चमत्कारिक वाटणी केली. ज्या कॅननने १९८७ साली आपल्या गिऱ्हाइकांची मिरास बुडवली, तिची त्या सालापासूनची प्रत्येक ईएफ लेन्स, मोटर पोटातच असल्यामुळे, कडी लावली की नव्या बॉडीवर आपोआप नाभीवर येते. ज्या निकॉनने एकच माउंट साठ वर्षे राखला, तिच्या कडीत मोटर नाही. म्हणून डी ४० वर हाताने फिरवावी लागणारी पन्नासची जुनी लेन्स नव्या बॉडीवरही हातानेच फिरवावी लागते. या जुन्या निकॉन लेन्सा त्यामुळे मोटरवाल्या भावंडांपेक्षा बऱ्याच उतरत्या भावाने मिळतात, आणि ज्याला हाताने कडे फिरवण्याचा कंटाळा नाही त्याने त्या खुशाल घ्याव्यात. काच तीच, उत्तमच आहे.